शपथ मोडली की नाही हे बघणार कोण?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या दादाने डोंबिवलीहून तुमच्या पेपरातल्या एका पत्राचा फोटो काढून मला पाठवला, खाली लिहिलं, "बघ, तुझ्या अमेरिकेबद्दल काय आलंय." पत्र लिहिणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ज्या खासदारांवर बंडाला साथ दिल्याचा आरोप झाला त्यांची नावं तिकडे बॅलटवर राहतातच कशी, जगाला लोकशाही शिकवत फिरतात आणि स्वतःच्या संसदेवर चाल करून आलेल्यांच्या पाठीराख्यांना परत निवडून देतात, आरोप झाला की त्याच दिवशी बंदी घालायला पाहिजे. मी अॅटलांटाजवळ अल्फारेटाला गेली एकोणीस वर्षं राहतेय आणि निवडणुकीच्या दिवशी पोल वर्कर म्हणून बसते, म्हणजे आपल्याकडे शाळेतल्या बाईंना ज्या ड्युटीला जुंपतात तीच, फक्त इथे आपणहून अर्ज करून जायचं. त्यामुळे ते पत्र वाचून गप्प बसवेना. फोनवर टाइप करतेय, शुद्धलेखनाला हसू नका.

आधी हे सांगते की त्या पत्रातली चीड मला शंभर टक्के समजते. 5 जानेवारी 2021 ला जॉर्जियात सिनेटच्या (संसदेच्या वरच्या सभागृहाच्या) दोन जागांसाठी रनऑफ, म्हणजे पहिल्या दोघांतली फेरलढत, होतं, मी पहाटे सहाला बूथवर, रात्री साडेनऊला घरी, मास्क लावून लावून कान दुखायला लागलेले. दुसऱ्या दिवशी दुपारी जरा उशिराच जेवायला बसले आणि टीव्हीवर कॅपिटॉलच्या, म्हणजे इथल्या संसदभवनाच्या, खिडक्या फोडून ट्रम्पसमर्थक आत शिरताना दिसले, आत तेव्हा बायडन यांच्या विजयावर शिक्कामोर्तब चाललं होतं. दोन महिने आम्ही हेच ऐकत होतो की जॉर्जियात मतं चोरली. ट्रम्प नोव्हेंबर 2020 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत इथे 11,779 मतांनी हरले होते, आधी मशीनने मोजणी, मग जवळजवळ 50 लाख मतपत्रिका अक्षरशः हाताने मोजल्या, मग परत एकदा मशीनने, आणि तिन्ही वेळा जिंकले बायडनच. तरी 2 जानेवारीला आमच्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटला, म्हणजे निवडणुका बघणाऱ्या अधिकाऱ्याला, जो स्वतः ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाचा, त्याला ट्रम्प यांचा फोन की मला 11,780 मतं शोधायची आहेत. आमच्याच फुल्टन काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) मतमोजणीला बसलेल्या दोघी मायलेकींवर ट्रम्प यांचे वकील जिउलियानींनी काय वाट्टेल ते आरोप केले, पुढे 2023 मध्ये ज्युरीने त्यांना 14 कोटी 80 लाख डॉलर द्यायला लावले, पण तोवर त्या दोघींना घर सोडून लपून रहायची वेळ आली होती. मी त्यांच्यासारखंच काम करते. तेव्हा हे सगळं माझ्यासाठी नुसती बातमी नाहीये.

आणि सगळ्यात चीड कशाची आली सांगू का, खिडक्या फोडणाऱ्यांची नाही. त्याच रात्री, फुटलेल्या काचा झाडून झाल्यावर सभागृह परत भरलं आणि 147 खासदारांनी, म्हणजे 139 खालच्या सभागृहातले आणि 8 सिनेटर, अॅरिझोना नाहीतर पेनसिल्व्हेनियाच्या निकालावर आक्षेपाचं मत दिलं. यालाच आपण कुंपणाने शेत खाणं म्हणतो ना?

बरं, मग कायदा काय म्हणतो. अमेरिकेच्या घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीत तिसरं कलम आहे, 1868 चं, यादवी युद्ध संपल्यावरचं. त्याचं कारण फार साधं आहे आणि ते आमच्या जॉर्जियाशीच जोडलेलं आहे. दक्षिणेच्या बंडखोर सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स, युद्ध हरल्यावर अटकेत राहून सुटले, आणि 1866 ला जॉर्जियाने त्यांनाच सिनेटवर निवडून पाठवलं, म्हणजे ज्या देशाविरुद्ध लढले त्याच देशाच्या संसदेत! उत्तरेने त्यांना बसू दिलं नाही. अशी मंडळी एक नाही, बरीच होती, म्हणून मग हे कलम आलं. पण ते नीट वाचा. बंड करणाऱ्या कुठल्याही माणसाला पद नाही असं ते म्हणत नाही. ज्याने आधी खासदार, आमदार किंवा अधिकारी म्हणून घटनेची शपथ घेतली आणि नंतर बंडात भाग घेतला किंवा शत्रूला मदत केली, त्याला पद नाही. सगळा भर शपथेवर. शेतात राबणारा साधा शिपाई बंडात गेला असेल तर तो उद्या निवडणुकीला उभा राहू शकत होता, शपथ घेतलेला न्यायाधीश नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. शिवाय माफीचं दारही त्यातच ठेवलंय, दोन्ही सभागृहांच्या दोन तृतीयांश मतांनी ही बंदी उठते. 1872 ला बहुतेकांची उठवली, स्टीफन्स लगेच 1873 ला निवडून आले आणि शेवटी जॉर्जियाचे गव्हर्नर होऊन वारले.

म्हणजे ही शिक्षा नाहीये, अट आहे. खालच्या सभागृहाला पंचवीस वर्षं पूर्ण पाहिजेत, सात वर्षं नागरिक पाहिजे, तशीच ही एक. चोवीस वर्षांच्या पोराला उभं राहू दिलं नाही तर त्याला तुरुंगात टाकलं असं कोणी म्हणत नाही. फक्त वय जन्मदाखल्यावर लिहिलेलं असतं आणि बंड कुठल्याच दाखल्यावर लिहिलेलं नसतं, ही गोची आहे.

2022 मध्ये काही मतदारांनी हे कलम झटकून बाहेर काढलं. नॉर्थ कॅरोलायनात खासदार मॅडिसन कॉथॉर्न यांच्याविरुद्ध, अॅरिझोनात खासदार गोसार आणि बिग्स आणि तिथले आमदार फिंचम यांच्याविरुद्ध, इथे जॉर्जियात खासदार मार्जरी टेलर ग्रीन यांच्याविरुद्ध. अॅरिझोनात न्यायाधीश म्हणाले की काँग्रेसने (म्हणजे इथली संसद, आपला पक्ष नव्हे, माझ्या आईचा दर वेळी गोंधळ होतो) असा दावा करायचा अधिकार मतदाराला दिलेलाच नाही, विषय संपला. कॉथॉर्नच्या बाबतीत एका न्यायाधीशाने 1872 च्या त्या माफीचाच आधार घेतला, की ती पुढच्यांनाही लागू आहे, म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या बंडखोरांना दिलेली माफी 2021 च्या माणसालाही. वरच्या कोर्टाने ते फिरवलं, पण तोवर कॉथॉर्न प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, हरून घरी गेले होते.

ग्रीन यांची सुनावणी मात्र मी ऑफिसचं काम एका बाजूला ठेवून जवळजवळ सगळी लाइव्ह बघितली. 22 एप्रिल 2022, अॅटलांटा. जॉर्जियाचा नियम असा चांगला आहे की मतदारसंघातला कोणीही मतदार उमेदवाराच्या पात्रतेवर हरकत घेऊ शकतो, मग एक प्रशासकीय न्यायाधीश ऐकून घेतो, शिफारस करतो आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट निर्णय देतो. बाई साक्षीला बसल्या, शपथेवर, तीनेक तास. आणि उत्तर काय, तर आठवत नाही. परत आठवत नाही. त्यांना विचारलं, तुम्ही मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लावायला सांगितलं होतं का? आठवत नाही. तीनच दिवसांनी सीएनएनने त्यांचा 17 जानेवारी 2021 चा मेसेज छापला, व्हाइट हाऊसच्या चीफ ऑफ स्टाफला पाठवलेला, की आमच्या खासदारांच्या खासगी ग्रुपवर बरेच जण म्हणतायत आता मार्शल लॉ हाच उपाय. इंग्रजीत तो शब्द त्यांनी चुकीचा लिहिला होता, एखाद्याचं आडनाव असावं तसा, त्यावर इथे आठवडाभर विनोद चालले. मी दादाला सांगायला गेले तर त्याला कळेचना हसायचं कशाला, कारण देवनागरीत लिहिलं की ती चूक दिसतच नाही! बरं, खरं सांगायचं तर त्याच मेसेजमध्ये पुढे त्या म्हणतात की मला यातलं कळत नाही. म्हणजे तिथेही अंग राखून.

आता यातली गंमत बघा. ग्रीन यांनी खासदारकीची शपथ घेतली 3 जानेवारी 2021 ला. दंगा 6 जानेवारीचा. कलम शपथेनंतरच्या वागण्याला लागू, म्हणजे बघायचे दिवस किती, तर जेमतेम तीन. त्याआधी त्या काहीही बोलल्या असल्या तरी हिशोबात नाही. त्या तीन दिवसांत ठळक काय, तर 5 तारखेला एका चॅनेलवर, हा आमचा 1776 चा क्षण आहे, असं म्हणाल्या (1776 म्हणजे अमेरिकेने ब्रिटिशांविरुद्ध स्वातंत्र्य जाहीर केलं ते वर्ष). न्यायाधीश बोड्रो यांनी सांगितलं की हे भडक राजकीय बोलणं आहे, पण बंडात भाग घेतल्याचा पुरावा नाही. सेक्रेटरी ऑफ स्टेटनी ते मान्य केलं, तोच ज्याला फोन आला होता. नाव बॅलटवर राहिलं, बाई आरामात जिंकल्या.

मला त्या बाईंचं राजकारण काडीचं पटत नाही. पण तो निकाल मला बरोबर वाटला. इथेच माझं आणि तुमच्या पत्रलेखकांचं फाटतं.

आरोप झाला की बंदी, हे म्हणताना आपण मराठी माणसांनी तरी जरा थांबावं. टिळकांना 1908 ला सहा वर्षं मंडालेला पाठवलं ते राजद्रोहासाठी, आणि पुरावा काय होता, तर केसरीतले अग्रलेख, मुझफ्फरपूरच्या बॉम्बवरचे. आता हे वाचा. व्हिक्टर बर्गर म्हणून मिलवॉकीचा एक सोशालिस्ट खासदार होता, ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात जन्मलेला, माझ्यासारखाच बाहेरून येऊन नागरिक झालेला, तोही पेपरचा संपादक. त्याने पहिल्या महायुद्धाच्या विरोधात लिहिलं, त्याला वीस वर्षांची शिक्षा ठोठावली आणि 1919 ला सभागृहाने हेच तिसरं कलम दाखवून त्याला बसू दिलं नाही. मिलवॉकीच्या लोकांनी पोटनिवडणुकीत परत त्यालाच पाठवलं, परत बसू दिलं नाही. 1921 ला सुप्रीम कोर्टाने शिक्षाच रद्द केली आणि मग 1922 ला निवडून आला तेव्हा गुपचूप आत घेतला. संपादक महोदय, तुमच्या धंद्याचा माणूस आहे म्हणून मुद्दाम सांगितलं, त्याचं बंड म्हणजे पेपरात लिहिणं.

आणि दुसरं म्हणजे आमचे बाबा. परळच्या रेल्वे वर्कशॉपात होते, 1974 च्या संपात वीस दिवस घरी पगार नाही, मी तेव्हा जन्मलेही नव्हते पण ती गोष्ट आमच्या घरात गणपतीच्या आरतीसारखी म्हटली जाते. संपाचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस, ज्यांनी 1967 ला दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडलं होतं. आणीबाणीत त्यांना पकडलं, बडोदा डायनामाइट केस, आरोप काय तर स्फोटकं गोळा करून सरकार उलथून टाकायचा कट. याहून मोठा बंडाचा आरोप असतो का? 1977 ला ते तुरुंगातच होते, हातात बेड्या असलेला त्यांचा फोटो घेऊन लोकांनी प्रचार केला आणि ते तीन लाखांच्या वर मतांनी निवडून आले. कुठून, तर त्याच मुझफ्फरपूरहून. जनता सरकारने ती केस मागे घेतली आणि साहेब मंत्री झाले. डायनामाइट खरं होतं की नव्हतं यावर बाबा आणि काका आजही भांडतात, ते सोडा. पण आरोपालाच बंदी असती तर 1977 ला कोण कोण उभं राहू शकलं असतं? आरोप करणारं सरकार, अटक करणारं सरकार, आणि नाव कापणारंही सरकारच.

आपल्याकडचा कायदाही आरोपावर थांबवत नाहीच. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर अपात्र, शिक्षा भोगून बाहेर आल्यावर पुढे सहा वर्षं, आणि 2013 च्या लिली थॉमस निकालापासून अपील टाकून खुर्ची टिकवायची सोयही गेली. पण केस चालू असेल तर तुरुंगातूनही फॉर्म भरता येतो, 2024 ला बारामुल्ला आणि खडूर साहिब इथून दोघं तसे निवडून आलेच. म्हणजे पत्रलेखकांनी अमेरिकेला हसण्याआधी हेही बघावं.

पण मग काहीच करायचं नाही का? असंही मी म्हणत नाहीये. न्यू मेक्सिकोत कूय ग्रिफिन म्हणून एक काउंटी कमिशनर होते, काउबॉईज फॉर ट्रम्प या ट्रम्पसमर्थक गटाचे, 6 जानेवारीला कॅपिटॉलच्या बंद आवारात शिरले म्हणून किरकोळ गुन्ह्यात चौदा दिवसांची शिक्षा झाली. सप्टेंबर 2022 ला तिथल्या न्यायाधीशाने साक्षीपुरावे ऐकून त्यांना पदावरून काढलं आणि कायमची बंदी घातली, या कलमाखाली कोर्टाने कोणाला काढायची ही 1869 नंतरची पहिलीच वेळ. हे मला पटतं. आरोप ठेवला, माणसाला बोलायची संधी दिली, पुरावा तपासला आणि मग काढला. बोलल्याबद्दल नाही, केल्याबद्दल.

आणि मग आला 4 मार्च 2024 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. कोलोरॅडोच्या कोर्टाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी ट्रम्प यांचं नाव प्रायमरीच्या बॅलटवरून काढायला सांगितलं होतं, दावा करणाऱ्यांत पहिलं नाव कोणाचं, तर नॉर्मा अँडरसन, 91 वर्षांच्या, स्वतः जुन्या रिपब्लिकन आमदार. सुप्रीम कोर्टातले नऊच्या नऊ न्यायमूर्ती म्हणाले, राज्याला असा अधिकार नाही, केंद्राच्या पदाचा उमेदवार एका राज्यात पात्र आणि शेजारच्या राज्यात अपात्र असं चालणार नाही. इथपर्यंत मीही मान डोलावते, एकेका राज्यातला एकेक अधिकारी राष्ट्राध्यक्षाचं नाव कापायला लागला तर उद्या टेक्सासवाले दुसऱ्याचं कापतील. पण पाच जण आणखी पुढे गेले, की हे कलम वापरायचं तर काँग्रेसने आधी कायदा करायला हवा. म्हणजे आता असं झालंय की गावातल्या काउंटी कमिशनरला राज्य काढू शकतं, पण ज्यांनी खरोखर राष्ट्राचा निकाल फिरवायचा प्रयत्न केला त्यांना काढायचा कायदा कोणी करायचा, तर त्यांनीच, जे त्या रात्री 147 होते आणि त्यांचे शेजारी. चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या.

गंमत म्हणजे असा कायदा एकेकाळी होता. 1870 ला केलेला, सरकारी वकिलाने केंद्राच्या कोर्टात जाऊन अशा माणसाला पदावरून काढायचा. 1948 ला जुने कायदे आवरताना तो रद्द करून टाकला. आपण दिवाळीला माळा साफ करताना छत्री टाकून देतो आणि जूनमध्ये शोधत बसतो, तसं. बंडाचा फौजदारी गुन्हा पुस्तकात अजून आहे, सिद्ध झाला तर पद कायमचं जातं, पण 6 जानेवारीच्या इतक्या शेकडो आरोपींपैकी एकावरही तो लावला नाही. काहींवर देशाविरुद्ध कटाचा लावला, अठरा आणि बावीस वर्षांच्या शिक्षा झाल्या, आणि जानेवारी 2025 मध्ये साधारण पंधराशे लोकांना माफी नाहीतर सवलत मिळाली तेव्हा तेही सुटले.

"जनता ठरवेल" असं इथले माझे बरेच मराठी मित्र म्हणतात, महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला यावरून दोन जणांचं बोलणं बंद झालंय. पण जनता ज्यांची नावं बॅलटवर आहेत त्यांतूनच ठरवते ना. गंभीर गुन्ह्यात (फेलनीत) शिक्षा होऊन प्रोबेशनवर असलेला माणूस जॉर्जियात मत देऊ शकत नाही, फोटो आयडी विसरलेल्या आजोबांना मी स्वतः प्रोव्हिजनल बॅलट देते आणि सांगते तीन दिवसांत आयडी दाखवा नाहीतर मत मोजणार नाही, आणि ते मुकाट्याने ऐकतात. नागरिकत्वासाठी मी फॉर्म भरला त्यात प्रश्न होता, कोणतंही सरकार बळाने किंवा हिंसेने उलथून टाकायचा पुरस्कार तुम्ही कधी, अगदी आडूनही, केलाय का? मी मुलाखतीला बसले तर त्या अधिकारी बाईने शपथेवर परत विचारलं. मी नाही म्हटलं, खरंच नाही, पण एक क्षण बाबांचा संप आठवून घाम फुटला होता हो. मतदाराला एवढं विचारता, नागरिक होऊ बघणाऱ्याला एवढं विचारता, मग खासदाराला विचारायला कायदा नको?

मला विचाराल तर काँग्रेसने 1870 सारखाच कायदा परत आणावा, केंद्राच्या एकाच कोर्टात, प्रायमरीच्या बऱ्याच आधी, माणसाने शपथेनंतर काय केलं एवढंच तपासायचं, भाषणं आणि अग्रलेख बाजूला ठेवायचे, पुरावा नसेल तर ग्रीनबाईंसारखं नाव राहू द्यायचं आणि असेल तर तो कितीही लोकप्रिय असो, काढायचं. आजच्या काँग्रेसकडून हे होईल असं मला वाटत नाही, तेवढी भाबडी मी नाहीये. पण "आरोप झाला की बंदी" हे त्याचं उत्तर नक्कीच नव्हे.

पत्र फार लांबलंय, तुम्ही कापणार हे माहीत आहे. कापायचंच असेल तर सुप्रीम कोर्टाचं कापा, पण जॉर्ज फर्नांडिसांचं ठेवा. बाबांना आता बारीक अक्षर वाचता येत नाही, दादा त्यांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

आपली,
एक वाचक (आणि पोल वर्कर), अल्फारेटा, जॉर्जिया